सूर थोडे, मतं फार

हॉस्टेलमध्ये सगळ्यांचं एकमत होईल असा विषय अजून जन्माला यायचा आहे. मेसची आमटी असो, रेक्टरांची शिस्त असो, नाहीतर धोनी की रोहित हा सनातन प्रश्न असो, दोन तट पडणारच. पीएल सुरू झाली की आमच्या मजल्यावर यात आणखी एका विषयाची भर पडते, तो म्हणजे अभ्यासाला लावायचा पियानो. शब्द नकोत, ढोलकी नको, म्हणून कोणीतरी एकट्या पियानोचं शांत रेकॉर्डिंग लावतो आणि पाच मिनिटांत मतं यायला लागतात. "तीच ओळ किती वेळा वाजवणार हा?" हे पहिलं. "राहू दे रे, ह्याच्यामुळे माझं सिग्नल्स निघालं," हे दुसरं. "हा फारच रडका वाजवतो, तो दुसरा बरा," हे तिसरं. आणि चौथा म्हणतो, "मागे लाकूड करकरतंय, रेकॉर्डिंगच भिकार आहे."

व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणून हा विषय इथेच सोडता आला असता. पण नीट पाहिलं तर हे चौघं एकाच गोष्टीवर भांडतच नाहीत. पहिला बोलतोय पुनरावृत्तीबद्दल, दुसरा स्वतःच्या कामाबद्दल, तिसरा लयीबद्दल आणि चौथा माईकबद्दल. सूर भरपूर असले की कान त्यांच्यातच गुंततो. सूर कमी असले की बाकीचं सगळं, म्हणजे लय, लांबी, ट्यूनिंग, खोली, माईक आणि आपला मूडसुद्धा, मोठं होऊन ऐकू येतं. म्हणून मतं जास्त पडतात. आपण नक्की कशाबद्दल बोलतोय हे न ओळखता मत दिलं तर काय होतं? आपल्या देशात एका वाद्याला तीस वर्षं रेडिओबाहेर बसावं लागलं. ती हकीकतही पुढे येईलच.

१. 'मिनिमल' म्हणजे काय?

थोडक्या सामग्रीत रचलेलं संगीत, अशी सोपी व्याख्या करू. दोन-चार सुरांचा एक तुकडा, तोच पुन्हा पुन्हा, आणि त्यात बदल इतका हळू की लक्ष नसेल तर बदल झाला हेही कळत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत ला मॉंट यंग, टेरी रायली, स्टीव्ह राइश आणि फिलिप ग्लास यांच्यामुळे हा प्रकार नावारूपाला आला. त्यांच्या बऱ्याच आधी पॅरिसमध्ये एरिक साती (१८६६-१९२५) या अवलिया माणसाने १८८८ साली 'जिम्नोपेदी' नावाच्या तीन छोट्या रचना केल्या होत्या. डाव्या हाताला खाली एक सूर, वर एक स्वरसमूह, आणि उजव्या हाताला सावकाश चालणारी एक ओळ. बस्स. आज 'शांत पियानो' म्हणून जे जे वाजतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथे सापडतं.

आपल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपला तंबोरा काय करतो? चार तारा, तोच क्रम, अख्खी मैफल. तंबोरा बोअर आहे असं कोणी म्हणत नाही, कारण त्याच्याकडून 'पुढे काय' ही अपेक्षाच नसते. पियानो मात्र दिसला की आपण चालीची वाट बघत बसतो, आणि ती आली नाही की चिडतो.

नातं इथेच संपत नाही. फिलिप ग्लास तरुणपणी पॅरिसमध्ये होते तेव्हा एका चित्रपटासाठी पं. रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य वादकांना वाचता येईल असं लिहून काढायचं काम त्यांच्याकडे आलं. आपल्या तालाचा हिशेब त्यांना तिथे भेटला आणि छोटे छोटे तुकडे जोडत लय वाढवायची, ही त्यांची पुढची रीत त्यातून घडली. यंग आणि रायली तर थेट किराणा घराण्याचे शागीर्द. अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पं. प्राणनाथ (१९१८-१९९६) १९७० साली अमेरिकेत गेले आणि या दोघांनी त्यांच्याकडे अनेक वर्षं तालीम घेतली. किराणा म्हटलं की आपल्याला मिरज आठवतं, सवाई गंधर्व आठवतात. १९५३ साली पं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला, ते हेच सवाई गंधर्व. एकेका सुरावर रेंगाळायचं, तो पुरता भरल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही या घराण्याची ख्याती. तेव्हा शिक्रापूरच्या खोलीत वाजणाऱ्या त्या पियानोचं आपल्या मातीशी दूरचं का होईना, नातं आहे.

२. पहिलं भांडण : लय

पहिली 'जिम्नोपेदी' घ्या. मूळ कागदावर सातीने सूचना लिहिली आहे ती 'संथ आणि व्यथित' अशा अर्थाची. किती संथ? आकडा नाही. मग प्रत्येक वादक आपापला अर्थ लावतो. आल्दो चिक्कोलिनी यांच्या वादनात ती डुलत डुलत पुढे जाते. डच वादक राइनबर्ट डी लेऊ (१९३८-२०२०) यांनी १९७० च्या दशकात केलेलं रेकॉर्डिंग मात्र इतकं संथ आहे की पहिल्यांदा ऐकताना नेट गेलं की काय असं वाटतं. काही जण म्हणतात हाच खरा साती. काही म्हणतात हा अतिरेक आहे.

इथे आपली इंजिनिअरिंगची बुद्धी वापरू. पियानोचा सूर हातोडी पडली त्या क्षणी सगळ्यात मोठा असतो आणि मग विरत जातो. आपल्या भाषेत डॅम्प्ड ऑसिलेशन. पेटीसारखा भाता मारून तो धरून ठेवता येत नाही, गळ्यासारखा फुलवता येत नाही. म्हणजे लय निम्मी केली की तेच गाणं फक्त लांबतं असं नाही. आधीचा सूर पूर्वीपेक्षा जास्त विरलेला असतो आणि दोन सुरांमध्ये शांतता शिरते. ज्याला ती शांतता ऐकायची आहे त्याला डी लेऊ आवडतात. ज्याला ओळ ऐकायची आहे त्याला ती तुटल्यासारखी वाटते. दोघांचंही बरोबर, कारण दोघं दोन वेगळ्या गोष्टी ऐकताहेत.

ग्लास यांच्या पियानोबाबत वेगळीच गंमत आहे. १९८९ साली आलेल्या 'सोलो पियानो' या ध्वनिमुद्रिकेत ते स्वतः वाजवतात. पुढे आपल्या एट्यूडपैकी पहिल्या दहाही त्यांनी स्वतःच रेकॉर्ड केल्या. २०१७ साली आइसलंडच्या व्हिकिंगुर ओलाफसन यांनी त्यातल्या काही रेकॉर्ड केल्या. ग्लास यांचा हात मला घरी बसून वाजवणाऱ्या माणसासारखा वाटतो, लय जराशी पुढेमागे होते. ओलाफसन यांचा प्रत्येक सूर तासून ठेवलेला. आमच्या मजल्यावर याचे दोन गट आहेत. एक म्हणतो, ज्याची रचना त्याचाच शब्द शेवटचा. दुसरा म्हणतो, रचनाकार वेगळा, वादक वेगळा. नाट्यसंगीताच्या रसिकांना हा वाद नवा नाही. मूळ नटाने गायलेलं पद खरं, की नंतर मैफलीत रंगलेलं, यावर आपले आजोबासुद्धा भांडले असतील.

३. दुसरं भांडण : लांबी

सातीची 'व्हेक्सेशन्स' नावाची एक रचना आहे, एका पानाची. त्यावर ती ८४० वेळा वाजवण्याविषयी त्याने एक टीप लिहून ठेवली. थट्टा होती की काय कोण जाणे, पण १९६३ च्या सप्टेंबरात जॉन केज यांनी न्यूयॉर्कमध्ये ती खरोखर ८४० वेळा वाजवून घेतली. आपल्या रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट लागतात तशा पियानोवादकांच्या पाळ्या लावल्या. अठरा तासांहून जास्त वेळ लागला. वृत्तपत्रानेही समीक्षकांच्या पाळ्या लावल्या होत्या! यंग यांचं 'द वेल-ट्यून्ड पियानो' हेही असंच अवाढव्य. २५ ऑक्टोबर १९८१ चं त्यांचं वादन १९८७ साली पाच तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झालं. एकटा माणूस, एक पियानो, सुमारे पाच तास.

याच्या अगदी उलटं उदाहरण आपल्याकडचं. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांच्या रेकॉर्ड्स ७८ आरपीएमच्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. ज्या गायकीचा सगळा जीव सावकाश बढतीत, ती या तीन मिनिटांत कशी बसणार? आज आपण त्या रेकॉर्ड्स ऐकून खाँसाहेबांच्या गळ्याबद्दल बोलू शकतो, पण त्यांच्या मैफलीबद्दल नाही. रेकॉर्डिंग हे भांडं आहे. पदार्थाला नावं ठेवताना भांडं केवढं होतं हे पाहावं लागतं.

मग तीस सेकंदांच्या रीलमध्ये ऐकलेल्या पियानोवर "ह्यात काहीच होत नाही" असा निकाल कसा द्यायचा? जिथे बदल चौथ्या मिनिटाला येतो तिथे तीस सेकंदांत काहीच होणार नाही, हे उघड आहे.

४. तिसरं भांडण : सूर

हा भाग जरा हिशेबाचा आहे, पण आपण घाबरणारे नाही.

सा २४० हर्ट्झ धरा. नैसर्गिक शुद्ध गंधार सा च्या ५/४ पट, म्हणजे ३०० हर्ट्झ. पियानोत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक पायरी १.०५९४६ पट. चार पायऱ्या चढलं की गंधार येतो ३०२.४ हर्ट्झचा. फरक फक्त २.४ हर्ट्झ, पण दोन्ही सूर एकत्र धरले की सा चा पाचवा हार्मोनिक (१२००) आणि गंधाराचा चौथा (१२०९.५) एकमेकांना घासतात आणि सेकंदाला नऊ-दहा बीट्स पडतात. नैसर्गिक गंधारात दोन्ही १२०० वर येतात, घासणं नाही. पंचमाचा हिशेब करून पाहा, तिथे सेकंदाला एक बीटही धड पडत नाही. म्हणजे पियानोचा पंचम जवळपास खरा, गंधार चांगलाच चढा.

चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्ज १२० हर्ट्झचा, त्याचा पाचवा हार्मोनिक ६००, म्हणजे आपल्या ३०० च्या बरोबर दुप्पट. मिरजेचे कारागीर जवारी काढतात ती हे हार्मोनिक खुलावेत म्हणूनच. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.) ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झालाय त्याला पियानोचा गंधार टोचतो. ज्याचा कान गिटार आणि कीबोर्डवर वाढलाय त्याला तोच गोड लागतो. जलद वाजवताना हे झाकून जातं. मिनिमल वादनात पॅडल दाबून तोच स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा त्या बीट्स उघड्या पडतात.

यंग यांनी यावर उपाय म्हणून आख्खा पियानोच शुद्ध गुणोत्तरांत लावून घेतला. काहींना तो स्वर्गीय वाटतो, तर काहींना "पियानो बेसूर झालाय" असं वाटतं. पण हा प्रयोग आपल्याकडे फार आधी झाला होता बरं का! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. क्लेमेंट्स नावाचे आयसीएस अधिकारी त्यांना सामील झाले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला आणि श्रुतींची वेगळी हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, आणि तिथे जाणकारांत मतभेद झाले ते झालेच. पं. भातखंडे यांना हा श्रुतींचा हिशेब पटला नाही. अलीकडच्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनीही बावीस श्रुतींची पेटी तयार केली आहे. शंभर वर्षं झाली, प्रश्न अजून जिवंत आहे.

५. चौथं भांडण : खोली आणि माईक

जर्मन वादक निल्स फ्राम रात्री वाजवायचे, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हातोडी आणि तारा यांच्यामध्ये जाड लोकरी कापड घालायचे. आवाज इतका लहान झाला की माईक पियानोच्या अगदी आत न्यावे लागले. मग हातोड्यांची खटखट, लाकडाची करकर, श्वाससुद्धा रेकॉर्ड झाला. २०११ साली 'फेल्ट' नावाने हे रेकॉर्डिंग आलं आणि पुढे तसा आवाज काढायची फॅशनच झाली. आमच्या चौथ्या मित्राला जी करकर खटकली ती अशी मुद्दाम ठेवलेली असू शकते. कोणाला वाटतं माणूस शेजारी बसून वाजवतोय, कोणाला वाटतं ग्रीस संपलंय. दोन्ही मतं कानावर आधारलेली आहेत, पण 'रेकॉर्डिंग भिकार' म्हणण्याआधी ते तसं मुद्दाम केलंय का एवढं तरी विचारावं.

आणि आपली खोली? 'जिम्नोपेदी'च्या डाव्या हाताचे खालचे सूर शंभर हर्ट्झच्या आसपासचे आणि त्याहून खालचे. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला ते धड निघत नाहीत. म्हणजे रचनेचा पायाच गायब, वर नुसती ओळ तरंगते. त्यात चाकण चौकाकडून रात्रभर जाणारे ट्रेलर. साती काय, कोणीही असता तरी पोकळच वाटला असता.

६. मताची बंदी होते तेव्हा

आता ती तीस वर्षांची हकीकत. हार्मोनियमचं पेटंट १८४२ सालचं, पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यांचं. आपल्याकडे येऊन ती पेटी झाली, संगीत नाटकात आणि मैफलीत रुळली. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी तिला एकट्याने वाजवायच्या वाद्याचा मान मिळवून दिला. पण आक्षेप होतेच : हिचे सूर टेम्पर्ड, हिच्यात मींड नाही, ही परकी. रवींद्रनाथ ठाकूरांनाही ती नको होती. मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. स्वातंत्र्यानंतरही ती उठली नाही, अगदी बाळकृष्ण केसकरांसारखा संगीत जाणणारा मराठी माणूस १९५२ ते १९६२ या काळात खात्याचा मंत्री असतानाही. १९७१ साली ती सैल झाली, तीही अटी घालून.

आक्षेप खोटे होते का? नाही. गंधाराचा हिशेब आपण आत्ताच केला. पेटीत मींड निघत नाही हेही खरं. पण "या वाद्याला ही मर्यादा आहे" हे एक वाक्य, आणि "म्हणून हे कोणी ऐकू नये" हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं सिद्ध होत नाही. पी. मधुकर, अप्पा जळगावकर (१९२२-२००९), तुळशीदास बोरकर (१९३४-२०१८) यांनी त्याच मर्यादेत राहून, भात्याचा दाब आणि बोटांची चलाखी वापरून मींडेचा भास निर्माण केला. पियानोत सूर धरता येत नाही म्हणून सातीने विरण्याचंच संगीत केलं, तसंच हे. तोवर बंदीच्या काळात वाढलेल्या किती श्रोत्यांच्या कानांवर रेडिओवरून पेटी पडलीच नसेल. न ऐकलेल्या गोष्टीबद्दल मत बदलणार तरी कसं?

आपण रेडिओचे अधिकारी नाही, पण छोट्या बंद्या आपणही घालतो. मागच्या गॅदरिंगच्या ट्रायल्सना एफईचा एक मुलगा पेटीवर सोलो वाजवायला आला होता. यमन सुरू करून दोन मिनिटं होतात न होतात तोच त्याला थांबवलं, कारण "पब्लिक ओरडेल." पब्लिकला कोणी विचारलं नव्हतं.

७. मग ऐकायचं कसं?

मी केलेला प्रयोग सांगतो, खर्च शून्य.

एक, एकच रचना दोन वादकांची ऐका. पहिली 'जिम्नोपेदी' सगळ्यात सोयीची, कारण छोटी आहे. दोन, इअरफोन लावा आणि आवाज दोन्हीचा सारखा ठेवा. नाहीतर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. तीन, अभ्यास करताना ऐकलेल्यावर मत देऊ नका. पार्श्वसंगीत म्हणून चांगलं असणं आणि ऐकायला चांगलं असणं यात तंबोरा आणि गाणं यांच्याइतका फरक आहे. चार, 'बोअर' हा शब्द आला की स्वतःला विचारा : लय बोअर, लांबी बोअर, आवाज बोअर, की मला झोप आलीय? उत्तर कागदावर लिहा. आमच्यात हे केल्यावर भांडणं थांबली नाहीत, पण नेमकी झाली. "डी लेऊच्या लयीत मला ओळ तुटलेली वाटते" या वाक्यावर पुढे बोलता येतं. "बकवास आहे" यावर काय बोलणार? पाच, एकदा तरी नुसता तंबोरा दहा मिनिटं ऐका आणि स्वयंभू गंधार शोधा. सापडला की पियानोकडे परत जा, कान बदललेला असेल.

एवढं करूनही कोणाला हा पियानो आवडला नाही तर काही बिघडत नाही. नावड हेसुद्धा मतच आहे, आणि कान लावून झालेली नावड मला उगाच केलेल्या वाहवापेक्षा जास्त मोलाची वाटते.

सांस्कृतिक समितीतल्या सर-मॅडमना आणि जीएसला मात्र एक विनंती आहे. तो पेटीवाला मुलगा आता एसईला आहे, रियाज चालू आहे. या वर्षी त्याला दहा मिनिटं द्या, पहिल्या दोन मिनिटांत थांबवू नका, आणि हॉलचे पंखे तेवढा वेळ बंद ठेवा. पब्लिक ओरडलं तर तेही मग निदान ऐकून ओरडेल.